खोइनीचं नरडं

कुरवंड्याच्या वरच्या अंगाला इंद्रायणी अजून नदी झालेली नसते. चार डोंगरांचं पाणी एकत्र आलेला तो नुसता ओढा असतो. त्या ओढ्याच्या कडेला ठाकरांची आठ घरं होती, आणि शेवटच्या घरात सावळा राहायचा. लोणावळ्याला धरणं बांधून झाली, विजेच्या तारा घाट उतरून खाली गेल्या, त्याला तेव्हा पंधरा-वीस वर्षं लोटली होती. वाडीला त्या विजेचा उपयोग एवढाच झाला, की धरणाच्या कामावर ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांना जन्मभर सांगायला गोष्टी मिळाल्या. सावळा त्या कामावर गेला नव्हता. त्याच्या हाताला त्याचं काम होतं.

सावळा खोइनी विणायचा. खोईन म्हणजे मासे धरायची बांबूची लांबट टोपली. तोंडाशी सुपाएवढी रुंद, मग निमुळती होत होत शेपटाशी मुठीत मावेल एवढी. भादव्यात ओढ्याचं पाणी ओसरायला लागलं, की पावसाळाभर वर चढलेले मासे पाण्यासंगं माघारी निघतात. वाडी त्याला उतरण म्हणायची. ओढ्यात आडवा दगडांचा बांध घालायचा, मधे हातभर वाट ठेवायची आणि त्या वाटेत वरच्या पाण्याकडे तोंड करून खोईन बसवायची. मळ्या, मुऱ्या असले लहान मासे, एखादी सापासारखी लांब वांब पाण्याच्या ओढीनं आत येते. सकाळी शेपटाची गाठ सोडून मासे पाटीत ओतून घ्यायचे. उतरणीच्या पंधरा-वीस दिवसांत वाडी पोटभर खायची आणि उरलेलं वाळवून ठेवायची. आठही घरांच्या खोइनी सावळाच्या हातच्या होत्या.

विणायला बसायच्या आधीच निम्मं काम झालेलं असायचं. मेशीचा बांबू तोडायचा तो माघातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. कोवळा असला तर वाळून मुरडतो, जून असला तर वाकवताना मोडतो. सावळा कोयत्याच्या पाठीनं बांबूवर टकटक करायचा, कान देऊन ऐकायचा आणि मगच घाव घालायचा. बांबू उभा चिरून कामट्या काढायच्या आणि चार दिवस ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. उक्षीचा वेल आणून त्याची लहानमोठी कडी वळायची. कड्यांवर कामट्या उभ्या लावत जायच्या आणि बांबूच्याच सोललेल्या पातळ पट्ट्यांनी, म्हणजे बेळांनी, बांधत जायच्या. दोन कामट्यांमधे करंगळीचं नख जाईल एवढीच फट. जास्त ठेवली तर मुरी निसटते, कमी ठेवली तर पाणी तुंबतं आणि खोईन बांधासकट वाहून जाते.

यातलं बरंचसं काम त्याची बायको सावित्रा करायची. लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली होती, आणि तिची बेळं सावळापेक्षा पातळ निघायची. अंग बांधून झालं की मात्र सावळा म्हणायचा, “आता जा तू चुलीकडं.” आणि तिच्याकडे पाठ करून बसायचा. कारण आता नरडं करायचं असायचं.

नरडं म्हणजे खोइनीच्या तोंडात बसवलेली दुसरी लहान टोपली, बिनबुडाची. तिच्या कामट्यांची टोकं आत मोकळी सुटलेली असतात, एकमेकींकडे झुकलेली. मासा घुसताना ती बाजूला होतात आणि तो आत गेला की मिटतात. ताठ राहिली तर मासा नाक लावून परत फिरतो. ढिली राहिली तर आला तसा निघून जातो. या दोहोंच्या मधलं जे काय असतं ते सावळाच्या बोटांना ठाऊक होतं. कामटीचा शेंडा आत, बूड बाहेर. बांबूची गुळगुळीत पाठ माशाकडे. पहिल्या कड्याला कामटी गच्च आवळायची, पण दुसऱ्या कड्याला एक सोडून एकच बांधायची, आणि तीही बोटानं हलेल इतकी सैल. एवढंच. सांगायला घेतलं असतं तर एक चिलीम विझायच्या आत सांगून झालं असतं. पण त्याच्या बापानंही ते सांगितलं नव्हतं, हात धरून करून घेतलं होतं, आणि वर बजावलं होतं, “नरडं कुनाला दावायचं न्हाई. दावलंस की आपल्या दारात कुत्रं बी यायचं न्हाई.”

सावळाला मुलगा नव्हता. एकुलती एक चिंगी, तीही टाकव्याकडच्या एका वाडीत दिलेली. सावित्रानं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं होतं, तेव्हा तो असा खेकसला होता, की पुन्हा तिनं कधी मान वर केली नाही. त्यानंतरची एकोणतीस वर्षं तिनं त्याची पाठच पाहिली.

खोइनीचं अंग दोन-तीन हंगाम टिकतं, नरडं मात्र दरसाल कुजतं. म्हणून श्रावण सरता सरता वाडी आपापल्या खोइनी सावळाच्या पडवीत आणून टाकायची. तो जुनी नरडी उपटून काढायचा आणि चुलीत घालायचा. जळून राख होईपर्यंत उभा राहायचा. हीसुद्धा बापाचीच शिकवण. बसवलेल्या नरड्याच्या आतल्या गाठी नुसत्या बघून कळत नाहीत; उकलून बघायला कुणाच्या हाती काही लागता कामा नये.

त्या वर्षीही त्यानं आठ नरडी जाळली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो भिजत घातलेल्या कामट्या आणायला ओढ्यावर गेला. दगड बाजूला सारला, मोळी उचलली आणि ती हातातून सुटली. पुन्हा धरायला वाकला तर उजवा हात वळेचना. रात्री हातावर झोपलो असेन, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं, की उजवा पाय पाण्यात आहे आणि पायाला पाणी गार लागत नाही. तो काठाला बसला, तो बसलाच. मोळी सुटली होती. कामट्या एकेक करत त्याच्या डोळ्यांदेखत खाली निघाल्या, आणि त्यानं हाक मारायला तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला.

सावित्रा शोधत आली तेव्हा एकही कामटी उरली नव्हती.

भगतानं तांदूळ टाकून पाहिले. मग सावळाचा धाकटा भाऊ शिदू आणि आणखी तिघांनी त्याला घोंगडीच्या झोळीत घालून लोणावळ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बघितलं, तळपायाला टाचणी टोचली आणि म्हणाले, “डोक्यातली शीर गेली आहे. हात-पाय असेच राहतील. बोलणं आलं तर येईल थोडं.” शिदूनं औषधाचं विचारलं तर त्यांनी मान हलवली. चौघांनी झोळी उचलली आणि परत चढ चढले.

चौथ्या दिवशी सावित्रानं वाटी पुढे करून विचारलं, “पेज देऊ?” आणि सावळा म्हणाला, “व्हय.”

ती धावत बाहेर गेली. “बोललं! व्हय म्हनलं!” सारी वाडी दारात गोळा झाली. “दादा, मला वळखलंस का?” शिदूनं विचारलं. “व्हय.” “बरं वाटतंय न्हवं?” “व्हय.” बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

सावळाला बरं वाटत नव्हतं. त्याला ‘न्हाई’ म्हणायचं होतं. ‘न्हाई’ त्याच्या डोक्यात अगदी लख्ख होतं, पण जिभेवर आलं की ‘व्हय’ होऊन बाहेर पडायचं. त्यानं मान हलवून पाहिली. तीही कशीही हलायची. लोक पांगले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की दुनियेतले सगळे शब्द गेले आणि आपल्यापाशी हा एकच राहिला आहे.

पडवीत आठ खोइनी बिननरड्याच्या पडून होत्या. पाणी उतरायला लागलं होतं. शिदू वाईट माणूस नव्हता, पण उतरण कुणासाठी थांबत नाही.

“वैनी,” तो म्हणाला, “पानी आज मांडीला हाय. आठ दिसांत घोट्याला येईल. मग खोईन लावली काय आन न लावली काय.”

“मी काय करू, शिदू? नरडं कसं करत्यात ते म्यां पायलंच न्हाई.”

“तीस वरसं संगं बसलीस की.”

“संगं बसले, पर मागं.”

दुसऱ्या दिवशी ती कुरवंड्यात गेली. हौशीराम पाटलांना सावळानं दोन वर्षांमागं एक खोईन दिली होती. तिचं नरडं उकलून बघू आणि तसं करू, असं तिच्या मनात होतं.

“खोईन व्हय? हाय की,” पाटील म्हणाले. “परड्यात बघ.”

परड्यात खोईन आडवी पडली होती आणि तिच्यात कोंबडी पिलांना घेऊन बसली होती. तोंडाशी नुसता मोकळा गोल.

“आबा, ह्येचं नरडं?”

“अगं, कोंबडी आत जायची आन अडकून बसायची. इळ्यानं कापून काढलं.”

“कुटं टाकलं?”

पाटलांनी चुलीकडे बोट दाखवलं. तिचा चेहरा बघून ते ओशाळले. “मला ठावं असतं तर ठिवलं असतं, बाई.” त्यांनी तिला कणगीतली दोन शेर नाचणी घालून दिली. ती घेऊन सावित्रा घरी आली.

मग तिनं ठरवलं, की आपणच करायचं. नव्या कामट्या चिरल्या, एक रात्र भिजवल्या, चार दिवस नव्हतेच हातात. सकाळी सावळाला भिंतीला टेकवून बसवलं आणि एक खोईन घेऊन त्याच्यासमोर बसली, तोंडाला तोंड करून.

“मी करते. चुकलं तर सांगा.”

 तीस वर्षांत पहिल्यांदा नरडं त्या दोघांच्या मधे उघडं पडलं होतं.

तिनं पहिली कामटी बूड आत करून धरली. सावळानं डावा हात पुढे केला, कामटी तिच्या हातातून काढली आणि उलटी करून तिच्या हातात दिली.

“शेंडा आत?”

“व्हय.”

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मग तिनं कामटीचं पोट माशाकडे केलं. त्यानं ती फिरवली. “पाठ म्होरं?” “व्हय.” ती हसली. भराभर कामट्या लावत गेली, पहिल्या कड्याला प्रत्येक कामटी गच्च आवळत. सावळा बघत होता. त्याच्या हातून झालं असतं त्याहून एक बोटही कमी नव्हतं. आता दुसरं कडं, त्यानं मनात म्हटलं. आता सैल. एक सोडून एक.

सावित्रानं दुसऱ्या कड्याची पहिली कामटी गच्च आवळली. मग दुसरी. मग तिसरी.

सावळानं हात पुढे करून ते बेळ ओढलं.

“काय, आवळू अजून?”

“व्हय,” सावळा म्हणाला.

तिनं दात लावून आवळलं. त्यानं पुन्हा बेळात बोट घातलं, सोडवायला. न्हाई, न्हाई, त्याच्या डोक्यात चाललं होतं.

“अजून?”

“व्हय.”

बेळ करकरलं. तिच्या बोटाच्या पेराला चीर पडून रक्त आलं, तरी तिनं गाठ मारली आणि पुढच्या कामटीला हात घातला.  त्यानं डाव्या मुठीत ते सगळं नरडं धरलं आणि जोर करून हिसडलं. चार कामट्या उपसून त्याच्या हातात आल्या.

सावित्रानं हातातलं बेळ खाली ठेवलं. ती हळू आवाजात म्हणाली, “म्यां नरड्याला हात लावला, त्ये तुमास्नी सोसंना. व्हय न्हवं?”

सावळानं ओठ दाबून धरले. तो शब्द बाहेर पडू नये म्हणून त्यानं सगळा जीव गोळा केला. घशातून घरघर निघाली, लाळ हनुवटीवर आली.

“व्हय,” तो म्हणाला.

ती उठून चुलीकडे गेली. जन्मभर त्यानं तिला तिकडेच पाठवलं होतं.

तरी तिनं काम सोडलं नाही. दुपारी दुसऱ्या घरी शिदूच्या बायकोपाशी बसून, जसं जमलं तसं, दोन्ही कडी आवळून तिनं नरडं पुरं केलं. शिदूनं ती खोईन बांधाला लावली. सकाळी तो दारात आला. सावळाला ऐकू जाईल अशा बेतानं, किंवा तो आता ऐकत नसेल असं समजून, तो म्हणाला, “वैनी, मासं येत्यात, नाक लावत्यात आन फिरत्यात. डोळ्यानं पायलं. खोइनीत एक खेकडा.”

भिंतीशी बसलेल्या सावळाला सगळं कळत होतं. कुठली गाठ, कुठलं कडं, सारं. त्याचा डावा हात जमिनीवर नुसताच घासत राहिला.

सावित्रानं सगळं उकललं आणि दोन्ही कड्यांना ढिलं बांधलं. त्या दिवशी खोईन भरून मासे आत गेले आणि भरून बाहेर आले. शेपटाशी दोन मुऱ्या अडकल्या होत्या तेवढ्या मिळाल्या. तिसरं करेपर्यंत पाणी घोट्याला आलं. वाडीनं खोइनी उचलून माळ्यावर टाकल्या. कुणी सावित्राला बोल लावला नाही. वाळवणाच्या दिवसांत दोन-तीन घरांनी डोह उपसून मिळालेली मूठमूठ मासळी तिच्या दारात आणून ठेवली. तिच्या तीस उतरणींत असं पहिल्यांदाच होत होतं. ती मासळी तिनं परत केली नाही.

दिवाळीच्या सुमाराला चिंगी बापाला बघायला आली. कडेवर पोर होतं, तिनं ते सावळाच्या मांडीवर दिलं आणि पुढ्यात बसली.

“बाबा, मला वळखलं का?”

“व्हय.”

“मी कोन, सांगा. सावित्रा का?” तिनं थट्टेनं विचारलं.

“व्हय.”

चिंगी हसली. “ह्यो काय घोटाळा! मी तुमची आय?”

“व्हय.”

सावित्रा दारातून हंडा घेऊन आत येत होती, ती जागच्या जागी उभी राहिली. तिनं हंडा खाली ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

“अवं, तुमी लोनावळ्याचं सायब हायसा?”

“व्हय.”

“आज पाऊस पडतोय?” बाहेर रखरखीत ऊन होतं.

“व्हय,” सावळा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

 सावित्रा पुढे सरकली आणि त्याचा मेलेला उजवा हात आपल्या हातात घेतला.

“त्या दिशी तुमी मला हात लावू नगं असं म्हनत नव्हता?”

“व्हय.”

“आवळू नगं, असं म्हनत व्हता?”

“व्हय!” सावळा म्हणाला, आणि हा खरा होता. पण तो आधीच्या सगळ्यांसारखाच वाजला. सावित्रानं त्याचे डोळे बघितले, ओठ बघितले. हा कुठला म्हणायचा, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. चिंगी पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

पुढच्या उतरणीला सावित्रानं आणखी एकदा करून पाहिलं. पहिलं कडं आवळलं, दुसरं सैल सोडलं. ती फार जवळ आली होती. पण एक सोडून एक हे तिच्या मनात येण्याचं काही कारणच नव्हतं, आणि सावळानं बोटानं एकेक कामटी दाखवून पाहिली तर तिला वाटलं, तो मोजतो आहे. त्या खोइनीत लहान मासा राहिला, मोठा राहिला नाही. तोवर शिदूनं लोणावळ्याच्या बाजारातून सुती जाळं आणलं होतं. जाळं फाटायचं, दगडात अडकायचं, पण कुणाच्या हातावाचून अडून बसायचं नाही. माळ्यावरच्या खोइनी एकेक करत सरपणाला गेल्या.

सावळा आणखी चार वर्षं जगला. उतरणीच्या दिवसांत सावित्रा त्याला पाठंगुळी घेऊन ओढ्यावर न्यायची आणि आंब्याच्या सावलीत खडकाला टेकवून बसवायची. त्याच्यापुढे कातळावर मुऱ्या वाळत टाकलेल्या असायच्या आणि डाव्या हातात निरगुडीचा एक फोक दिलेला असायचा, कावळे हाकायला. ती बाकीच्या बायकांबरोबर डोहाचं पाणी मडक्यानं उपसत राहायची. मधूनच मान वर करून ओरडायची, “बसलाव का नीट?” आणि वरून उत्तर यायचं. ती पुन्हा खाली वाकायची.

कावळे हुशार असतात. ते त्याच्या उजव्या बाजूनं यायचे.